वाचकांचे प्रश्न : रात्रीचं रेस्टॉरंट आणि लहान मुलं

प्रश्न : आमच्या रेस्टॉरंटमध्ये रात्री नऊनंतर लहान मुलं रडतात, टेबलांमधून पळतात. इतर ग्राहक तक्रार करतात. नऊनंतर दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश बंद करावा का?

उत्तर : आधी एक आठवडा नोंद ठेवा : मुलांसह आलेलं कुटुंब किती वाजता बसलं, मुलाच्या पुढ्यात पहिलं ताट किती वाजता आलं आणि गोंधळ केव्हा सुरू झाला. बहुतेक वेळा गोंधळाचं मूळ घड्याळापेक्षा ताटकळण्यात सापडतं. नऊच्या सुमारास किचनवर सगळ्यात जास्त ताण असतो, आणि दमलेलं, भुकेलं मूल नेमकं तेव्हाच वाट पाहत असतं.

म्हणून मुलाची ऑर्डर मोठ्यांच्या ऑर्डरसोबत अडकवू नका. केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, वेगळी फाडा, त्यावर ‘आधी’ असं लिहा, आणि दहा-बारा मिनिटांत निघतील असे तीन-चार पदार्थ त्यासाठी ठरवून ठेवा. अशा कुटुंबाला भिंतीकडेचं टेबल द्या. किचनच्या दारासमोर किंवा वेटरच्या वाटेवर हाय चेअर नको. गरम सूपचा ट्रे आणि धावणारं मूल एकमेकांसमोर आले, तर तक्रारीवर भागत नाही, भाजण्याचा अपघात होतो. मुलांची त्वचा पातळ असते; साठ अंश सेल्सिअसचा द्रवही काही सेकंदांत खोल भाजतो. टेबलक्लॉथ लोंबता ठेवू नका, मूल तो ओढतंच. बिल शेवटच्या पदार्थाबरोबरच तयार ठेवा. निघायला उशीर होतो तो बहुधा बिलापायी.

एवढं करूनही बंदी हवीच असेल, तर ती दारात सांगू नका. झोपाळलेलं मूल कडेवर असलेल्या माणसाला उंबरठ्यावरून परत पाठवणं हा नियम राबवण्याचा सर्वांत वाईट प्रकार. बुकिंग घेतानाच सांगा, संदेशात लिहा, दर्शनी भागात पाटी लावा. पाटीवर वय आणि वेळ दोन्ही हवीत. पावणेनऊला बसलेल्या कुटुंबाचं काय करायचं तेही आधीच ठरवा. आमच्या मते त्यांना जेवण पुरं करू द्यावं आणि बंदी फक्त नव्यानं बसणाऱ्यांना लावावी. ओळखीच्या ग्राहकाला एकदा सूट दिली की नियम संपलाच म्हणून समजा. काही देशांत मद्याच्या परवान्यातच मुलांच्या वेळेची अट असते, तर काही ठिकाणी वयावरून प्रवेश नाकारणं कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं. पाटी रंगवण्याआधी वकिलाला विचारा.

आमचा कल असा : जिथे मद्य आणि मोठं संगीत हाच धंदा आहे, तिथे बंदी रास्त. जेवणाच्या साध्या जागी मात्र वयापेक्षा वागण्याचा नियम ठेवा : मुलं खुर्चीवर बसतील, मोबाइलचा आवाज बंद राहील. तो मोठ्यांनाही लागू करता येतो, आणि खरं तर करायलाच हवा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. मित्रांचं जेवण साडेआठला असतं. तिला न्यावं का?

उत्तर : हिशेब करा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते. सकाळी सातला उठणारी आणि दुपारी न झोपणारी मुलगी अकरा तासांची झोप धरली, तर रात्री आठला झोपलेली हवी. म्हणजे साडेआठचं आमंत्रण तिच्या झोपेत बसतं. दुपारी दीड तास झोपली, तर साडेनऊपर्यंत तग धरेल, त्यापुढे नाही. निघण्याआधी घरी थोडं खायला द्या, म्हणजे ऑर्डर येईपर्यंत कुरकुर होणार नाही. डोळे चोळायला लागली की उठायचं. एकाएकी अंगात वारं शिरल्यासारखी धावू लागली, तर तुम्हाला उशीर झाला आहे. ती दमल्याचीच खूण असते, उत्साहाची नव्हे. दोघांपैकी एकानं तिला घेऊन लवकर निघायचं, हे घरीच ठरवा. ते टेबलावर ठरवायला गेलात, तर भांडण नक्की.

प्रश्न : शेजारच्या टेबलावरचं मूल सतत ओरडत असेल तर कुणाला सांगावं?

उत्तर : मॅनेजरला, आणि मुख्य पदार्थ यायच्या आत, तोपर्यंत टेबल बदलणं सोपं असतं. पालकांना थेट बोलू नका. “जरा शांत जागा मिळेल का?” एवढं पुरतं.