कोल्हापुरात खिशात छोटा चाकू किंवा मल्टिटूल घेऊन फिरलं तर चालतं का? किती इंचापर्यंत?

तुम्ही विचारलंय त्याचा मथितार्थ असा: राजारामपुरीत खोली घेऊन राहता, शिकता, ऑनलाइन एक मल्टिटूल (पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पातं असं सगळं एकातच मिटणारं अवजार) मागवलंय. पातं पावणेतीन इंचाचं. मित्र म्हणतो, तीन इंचांच्या आत असलं की पोलीस काही करू शकत नाहीत. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचंय, तेव्हाही ते सोबत हवंय.

मित्राच्या भरवशावर राहू नका. नुसत्या पात्याच्या मापावर कोल्हापुरात कुणी सुटत नाही. हे मी अनुभवानं सांगतोय.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, सतरा वर्षं झाली. कंट्रोल पॅनेल उघडणं, वायर सोलणं, टर्मिनलचे स्क्रू आवळणं, केबल टाय कापणं हे रोजचं काम. त्यामुळं मल्टिटूल माझ्या पॅंटच्या उजव्या खिशात असायचंच. पेन ठेवावं तसं. त्यात हत्यार असं काही आहे, हे कधी मनातही आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचे दिवस, सेकंड शिफ्ट सुटून मी रात्री साडेबाराच्या सुमारास घरी निघालो होतो. वाटेत नाकाबंदी. गाडीची कागदं दाखवली, डिकी उघडून दाखवली. मग हवालदारांनी खिशावरनं हात फिरवला. "ह्यात काय हाय?" मी काढून हातात दिलं. त्यांनी पक्कड उघडली, मिटली, मग अंगठ्याच्या नखानं पातं काढायला लागले. नख दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा पातं उघडलं. बॅटरीच्या उजेडात ते चमकलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "चाकू घिऊन फिरतोयस व्हय?"

मी घाईघाईनं सांगायला लागलो, की साहेब, हे सात सेंटिमीटरचं आहे, नऊ इंचांच्या आत आहे, कायद्यात बसतं (हे नऊ इंच कुठले ते पुढं सांगतो). आणि तिथंच चुकलो. ते म्हणाले, "इंच नका सांगू मला. बंदी आदेश हाय. चला चौकीत."

चौकीत दीड-पावणेदोन तास बसलो. ओळखपत्र कंपनीच्या लॉकरमध्ये राहिलेलं. सुपरवायझरला फोन लावला, तो झोपलेला. घरी आई जागी, तिचे फोनवर फोन. शेवटी एक वरिष्ठ अधिकारी आले. त्यांनी ते मल्टिटूल हातात घेऊन नीट बघितलं. पकडीच्या दातांत लाल वायरच्या सालीचा बारीक तुकडा अडकला होता, पीव्हीसीचा. तो त्यांनी नखानं काढला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "वायरमन काय?" मी हो म्हणालो. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. नाव-पत्ता लिहून घेतला, समज दिली आणि मल्टिटूल परत देऊन सोडलं.

मला त्या वायरच्या सालीनं वाचवलं, असं मी आजही मानतो. तेच मल्टिटूल नवंकोरं असतं, तुमच्यासारखं, तर काय झालं असतं ते माहीत नाही.

त्यानंतर मात्र मी या विषयाच्या मागंच लागलो. मी वकील नव्हे, पण माझा मावसभाऊ कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्याच्याकडं बसून कलमं वाचून घेतली. तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

पोलिसांच्या कागदावर ज्याला 'भारतीय हत्यार कायदा' म्हणतात तो १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्यातली व्याख्या अशी, की हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे हत्यार. धारदार शस्त्रं त्यात आली. पण निव्वळ घरकामाला किंवा शेतीला म्हणून बनवलेल्या वस्तू व्याख्येतनं वगळल्यात. लाठी आणि हातातली साधी काठी ही उदाहरणं कायद्यानं स्वतःच दिलीत. म्हणून आपली विळी, अडकित्ता, खुरपं, ऊसतोडीचा कोयता ही अवजारं. तोच कोयता मध्यरात्री शर्टाच्या आत पाठीला खोचलेला सापडला, तर तो शेतीचा म्हणून पटवून देणं अवघड, हे मी सांगायला नको.

नऊ इंच येतात ते २०१६ च्या शस्त्र नियमांतनं. त्यांच्या अनुसूचीत तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला यांच्या ओळीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू घातलेत. तिथंसुद्धा घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळलीत. 'औद्योगिक' हा शब्द वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. या कायद्यापुरतं बोलायचं तर तुमचं पावणेतीन इंची मल्टिटूल, किंवा मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारा व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू, या मापाच्या कितीतरी आत आहे.

मग तुमच्या मित्राचे तीन इंच कुठले? ते दिल्लीचे. १९८० साली दिल्ली प्रशासनानं एक अधिसूचना काढली होती. बटणानं किंवा स्प्रिंगनं उघडणारा चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद, असं तिच्यातलं वर्णन. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. ती अधिसूचना दिल्लीपुरती आणि खटक्याच्या चाकूंपुरती. व्हिडिओ करणाऱ्यांनी त्यातलं 'दिल्ली' गाळलं, 'खटका' गाळला आणि नुसते तीन इंच अख्ख्या देशाला वाटले. कोल्हापुरातल्या पोरानं त्याच्यावर विसंबून चाकू खिशात टाकावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मला चौकीत नेलं तो कायदा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७. पेपरात तुम्ही शंभरदा वाचलं असेल: 'जिल्ह्यात अमुक तारखेपर्यंत बंदी आदेश लागू.' पुण्या-मुंबईसारखं पोलीस आयुक्तालय कोल्हापुरात नाही, त्यामुळं आपल्याकडं हा आदेश जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून निघतो. ३७(१) खाली शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू जवळ बाळगायला मनाई करता येते. ३७(३) खाली जमावाला. सण, मोर्चे, निवडणुका, यात्रा असल्या की हे आदेश निघतात, बहुधा पंधरवड्याचे. एक संपतो, दुसरा येतो.

'इतर कोणतीही वस्तू' हे शब्द पुन्हा वाचा. त्यात इंच नाहीत. खटका आहे की नाही, पातं लॉक होतं की नाही, यातलं काहीच नाही. त्या शब्दांत माझा अकरा नंबरचा पाना बसतो, फोटोग्राफरचा ट्रायपॉड बसतो, लक्ष्मीपुरीतनं घरी न्यायला घेतलेली कांदा चिरायची सुरीसुद्धा बसते. आणि आदेश मोडला तर कलम १३५: एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि न्यायालयानं कारणं लेखी नोंदवल्याशिवाय कैद चार महिन्यांपेक्षा कमी नाही. एवढ्याशा वस्तूसाठी केवढी मोठी गोष्ट होऊ शकते बघा. तुम्ही शिकताय. उद्या पासपोर्ट, नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी, सगळीकडं त्या गुन्ह्याचा उल्लेख आडवा येतो.

म्हणून तुमच्या 'किती इंच' या प्रश्नाला माझं उत्तर असं, की दोन गोष्टी बघा. आज बंदी आदेश आहे का, आणि ही वस्तू आत्ता या ठिकाणी माझ्याकडं का आहे हे मला कुणालाही एका वाक्यात सांगता येतं का. आदेश जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर आणि स्थानिक पेपरात येतो, तारखांसकट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'असावं म्हणून' किंवा 'सेफ्टीसाठी' असं असेल तर ते घरी ठेवा. 'सेफ्टीसाठी' हा शब्द तर तोंडातनंही काढू नका. बचावासाठी बाळगलंय असं म्हणालात, की शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतला 'बचावासाठी' हा शब्द तुम्ही स्वतःच स्वतःला लावून घेतलात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचंच कलम १२२ ही माहीत असू द्या. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्ह्याच्या इराद्यानं घातक हत्यार जवळ बाळगून कुणी सापडला तर त्या कलमाखाली कारवाई होते. इरादा त्यांनी सिद्ध करायचा असतो हे खरं, पण रात्री एक वाजता रंकाळ्यावर मित्रांसोबत बसलेल्या पोराच्या खिशात चाकू निघाला, तर पुढचे दोन दिवस कसे जातील याचा विचार तुम्हीच करा.

मी आता कसं करतो ते सांगतो. मल्टिटूल खिशात ठेवत नाही. टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेशन टेप यांच्यासोबत टूल बॅगेत, बॅग डिकीत. अवजारांत अवजार दिसतं; खिशातनं एकटं निघालं की ते चाकू होतं. कंपनीचं ओळखपत्र लॉकरमध्ये ठेवायचं सोडलं, ते पाकिटात असतं. विसर्जन मिरवणुकीला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला, अंबाबाईच्या देवळात, कुठल्याही सभेला जाताना ते सोबत नसतंच. उजळाईवाडीहून विमानानं जायचं असेल तर हातातल्या सामानात चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागतो.

अडवलंच तर वाद घालू नका, नऊ इंच सांगू नका (मी सांगून बघितलं). गाडी बाजूला घ्या, खिशात काय आहे ते आधी तोंडानं सांगा आणि मग काढा. स्वतः पातं उघडून दाखवू नका. काम काय करता ते सांगा. जप्त केलं तर पंचनाम्याची प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, हे लक्षात ठेवा, पण रस्त्यावर कायदा शिकवायला जाऊ नका. ते वकिलाला सांगायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. ती नोटीस आली तर ठरलेल्या दिवशी वेळेवर जा, आणि वकील घेऊन जा.

पोलिसांवर माझा राग नाही. कोयते घेऊन दहशत करणारी पोरं रस्त्यावर आहेत, त्यांना अडवायचं तर झडती घ्यावीच लागते. माझं दुखणं 'इतर कोणतीही वस्तू' या शब्दांशी आहे. याच बंदी आदेशांत ड्युटीवरचे सरकारी कर्मचारी, धार्मिक विधी, अंत्ययात्रा, लग्नं यांना सूट दिलेली असते. मग त्याच यादीत 'ओळखपत्रासह कामाची अवजारं नेणारे कामगार व शेतकरी' एवढी एक ओळ घालायला काय हरकत आहे? शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात हजारो माणसं रोज धारदार अवजारं घेऊन येतात-जातात. आज त्यांचं नशीब नाकाबंदीवर कोण उभं आहे त्यावर ठरतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याच शहरात बसतंय. एखाद्या कामगार संघटनेनं हा मुद्दा तिथं न्यावा, असं मला मनापासून वाटतं, आणि कुणी नेणार असेल तर माझा अनुभव प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायला मी तयार आहे.

राहता राहिला तुमचा ट्रेक. पन्हाळा–पावनखिंडला दोरी कापायला, काकडी चिरायला छोटं पातं लागतं, कबूल. मल्टिटूल सॅकच्या तळाशी, प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवा, आणि निघण्याआधी त्या तारखांना बंदी आदेश आहे का ते बघा. असेल तर बोथट टोकाची छोटी कात्री न्या आणि काकडी घरूनच चिरून न्या. पण हाच ग्रुप पुढं दाजीपूरला जायचं ठरवणार असेल तर चाकू नेऊच नका. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं, आणि तिथं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागतो. त्याच्या कलम ३१ प्रमाणं लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत 'चाकू' हा शब्द सरळ लिहिलेला आहे. तिथंही इंच दिलेले नाहीत.