डेकच्या कामाला अर्धे पैसे आगाऊ द्यावेत का? माझा साडेसहा महिन्यांचा अनुभव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय, मागचा लाकडी डेक (दाराबाहेरचा उघडा ओटा) कुजलाय, कॉन्ट्रॅक्टर अर्धे पैसे आधी मागतोय आणि म्हणतोय की जुन्याच जागी नवा डेक असल्याने परमिटची गरज नाही. विश्वास ठेवावा का?

नको. अर्धे देऊ नका, आणि परमिट नको म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. उत्तर इथेच संपलं असतं, पण २०२३ साली मी नेमक्या याच दोन चुका केल्या, तेव्हा ती कहाणी ऐकाच.

आमचं घर बायलेव्हल आहे. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, तिथलं सरकतं काचेचं दार डेकवर उघडतं आणि डेक जमिनीपासून आठेक फूट उंच. चौदा बाय सोळाचा. लाकूड आधीच्या मालकाच्या काळातलं, नव्वदच्या दशकातलं. पायऱ्यांजवळच्या खांबात स्क्रूड्रायव्हर दाबला तर लोण्यात गेल्यासारखा आत जायचा. हा प्रयोग तुम्हीही करून बघा, फक्त खांबावर नाही तर घराच्या भिंतीला जी आडवी फळी ठोकलेली असते (तिला लेजर बोर्ड म्हणतात) तिच्यावरही. डेक पडतात ते बहुतेक तिथून सुटून. वरच्या फळ्या चकचकीत दिसतात आणि भिंतीजवळ पाणी मुरून मुरून आतून सगळं संपलेलं असतं.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून मिळाला. मंडळाच्या कार्यक्रमात एकांनी नाव सुचवलं, त्यांचं बेसमेंट त्याने केलं होतं. आता वाटतं, तिथेच मी अडकलो. ओळखीतला माणूस म्हटल्यावर कागदपत्रं मागायची लाज वाटते. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, ते मला १९,८०० डॉलरच्या कामात समजलं. एप्रिलमध्ये सही केली. ४० टक्के सही करताना, ४० टक्के काम सुरू झाल्यावर, उरलेले २० टक्के शेवटी. ‘काम सुरू झाल्यावर’ या तीन शब्दांचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही.

अर्थ असा निघाला की मे महिन्यात चार माणसं आली, त्यांनी दोन दिवसांत जुना डेक मोडून डंपस्टरमध्ये (कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत) टाकला, आणि हे ‘काम सुरू’ झालं. मी दुसरा चेक दिला. एकूण १५,८४० डॉलर गेले आणि त्या बदल्यात माझ्याकडे होतं ते म्हणजे स्वयंपाकघरातून थेट हवेत उघडणारं एक दार. चौकटीला आडवी फळी ठोकून त्यांनी ते बंद केलं. माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली होती. ती त्याला ‘उडीचं दार’ म्हणायची.

लाकडाबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण तुमचंही घर जुनं आहे. २००३ संपेपर्यंत इथे घरगुती कामाला जे हिरवट प्रक्रिया केलेलं लाकूड मिळायचं, त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असायचं. ते नंतर घरगुती वापरातून बंद झालं. तुमचा डेक त्याआधीचा असेल तर मोडलेल्या फळ्या शेकोटीत जाळू नका, त्यांचा भुसा भाजीच्या वाफ्यात पडू देऊ नका. आमच्याकडे दोन तुकडे मी ‘चांगले आहेत’ म्हणून मिरचीच्या वाफ्याला कड म्हणून लावले होते. वाचल्यावर काढले, आणि मिरच्याही टाकल्या.

तर डेक मोडला आणि माणसं गायब. आधी पाऊस, मग ट्रक बिघडला, मग कोणाच्या तरी मेव्हण्याचं ऑपरेशन. नव्या काँपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्या मात्र वेळेवर आल्या आणि ड्राइव्हवेत पडून राहिल्या. आईने त्यांच्यावर जुनी साडी पसरून सांडगे वाळत घातले. त्या महागड्या फळ्यांचा पहिला उपयोग तोच. कॉन्ट्रॅक्टर एकदा तोंड दाखवायला आला तेव्हा आईने त्याला शिरा दिला. त्याने दोनदा मागून खाल्ला, मला पाठीवर थाप मारून ‘माय फ्रेंड’ म्हणाला, आणि पुन्हा दहा दिवस दिसला नाही.

मेच्या शेवटी खड्डे खणून काँक्रीट ओतलं. त्याच आठवड्यात मी टाउनशिपच्या (इथल्या नगरपालिकेच्या) ऑफिसात कुंपणाबद्दल काहीतरी विचारायला गेलो होतो, आणि सहज म्हणालो की आमच्या डेकचं इन्स्पेक्शन कधी आहे बघा. खिडकीपलीकडच्या बाईंनी पत्ता टाकला आणि म्हणाल्या, ‘कोणता डेक?’

परमिटचा अर्जच केलेला नव्हता. नुसत्या वरच्या फळ्या बदलणं वेगळं, पण खांब, तुळया, जॉईस्ट (फळ्यांखालचे आडवे वासे) सगळं नवं असेल तर परमिट लागतंच. काम तिथेच थांबलं. आराखडा काढून घ्या, झोनिंगची (जागेच्या वापराच्या नियमांची) मंजुरी घ्या, मग बांधकाम परमिट. अर्ज पूर्ण असला तरी टाउनशिपला निर्णयासाठी वीस कामकाजाचे दिवस असतात. आम्हाला परमिट जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. आधीच केलं असतं तर हा सगळा वेळ हिवाळ्यात गेला असता, जेव्हा डेकवर तसंही कोणी बसत नाही.

आणि मग इन्स्पेक्टर आले. वयस्कर गृहस्थ, हातात टेप, बोलणं मोजकं. त्यांनी एका खांबाच्या पायाशेजारी खणायला लावलं. काँक्रीट अठरा इंच खोल. पाहिजे होतं छत्तीस. आपल्याला महाराष्ट्रात ही कल्पनाच नसते, म्हणून सांगतो: इथे थंडीत जमीन वरून काही फूट गोठते. मातीतलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि उथळ पायाला खालून वर ढकलतं. वसंतात तो परत बसतो, पण होता तिथे बसत नाही. दोन-चार हिवाळ्यांत डेक एका बाजूने वर, घर जागच्या जागी, आणि मधला सांधा ताणून फाटलेला. म्हणून पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो, आणि म्हणूनच काँक्रीट ओतण्याआधी रिकामा खड्डा दाखवावा लागतो. शिवाय खणण्याआधी ८११ ला फोन करून गॅस आणि विजेच्या लाइनी रंगाने आखून घ्याव्या लागतात. आमच्याकडे तो फोनही झाला नव्हता. गॅसची लाइन एका खड्ड्यापासून दीड हातावर निघाली, हे नंतर आखणी झाल्यावर कळलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता गंमत बघा. पाया चुकला त्याचा, पण ‘जादा खोलीचे’ म्हणून २,८०० डॉलरचं जादा बिल त्याने मला पाठवलं. मी नाही म्हणालो. तो पाच आठवडे फोन उचलेना. ज्यांनी नाव सुचवलं होतं त्यांना मी भीत भीत सांगितलं, तर ते म्हणाले, ‘हो, आमच्या बेसमेंटलाही सात महिने लागले होते.’ हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मीही विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, ‘माणूस कसा आहे?’ आणि माणूस खरंच गोड आहे.

शेवटी बायकोने सूत्रं हातात घेतली. मी पत्र लिहिलं असतं तर त्यात तीनदा ‘सॉरी’ आलं असतं. तिने आधी राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाच्या साइटवर जाऊन नियम वाचले. तुम्हीही वाचा, कारण न्यू जर्सीत कायदा घरमालकाच्या बाजूने चांगलाच भक्कम आहे, फक्त आपल्याला ठाऊक नसतो. घरदुरुस्ती करणाऱ्याची राज्याकडे नोंदणी लागते, तिचा क्रमांक १३व्हीएच (13VH) ने सुरू होतो आणि तो साइटवर तपासता येतो. ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर लेखी करार हवा. त्यात काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार याच्या तारखा हव्यात, विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत जोडलेली हवी. परमिट हातात येण्याआधी त्याने काम सुरू करायचं नसतं. आणि जिथे इन्स्पेक्शन लागतं तिथे त्याचे पास झाल्याचे कागद तुमच्या हातात दिल्याशिवाय त्याला शेवटचे पैसे मागता येत नाहीत. आमच्या करारात सुरुवातीची तारीख होती, संपण्याची नव्हती. विम्याचा कागद नव्हता. ही यादी तिने सर्टिफाइड मेलने पाठवली, खाली एक ओळ: दहा दिवसांत काम सुरू झालं नाही तर तक्रार दाखल करू.

नवव्या दिवशी तो हजर.

खड्डे पुन्हा खणले, इन्स्पेक्टरांनी पाहिले, काँक्रीट पडलं. सप्टेंबरमध्ये सांगाडा उभा राहिला आणि पहिल्या तपासणीत नापास झाला. लेजर बोर्ड साइडिंगच्या (भिंतीच्या बाहेरच्या आवरणाच्या) वरूनच ठोकला होता आणि पाणी वळवणारी फ्लॅशिंगची पट्टी बसवलीच नव्हती, म्हणजे जुन्या डेकचा रोग नव्या डेकला जन्मापासून. जॉईस्ट हँगरमध्ये (जॉईस्ट धरून ठेवणाऱ्या धातूच्या खोबणीत) काळे बारीक स्क्रू होते. इन्स्पेक्टरांनी एक काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, हा घरातल्या भिंतीच्या ड्रायवॉलसाठी असतो. हल्लीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबं जास्त असतं, त्याने साधं लोखंड लवकर खाल्लं जातं, म्हणून जाड जस्ताचा थर दिलेले किंवा स्टेनलेसचेच खिळे-बोल्ट लागतात, तेही हँगर बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापाचे. २००३ साली शिकागोत एका इमारतीचा लाकडी पोर्च कोसळून १३ जण गेले होते, ही बातमी मला त्यांनीच सांगितली. इन्स्पेक्टर म्हणजे डोक्याला ताप असं मी आधी समजत होतो. अख्ख्या प्रकरणात माझ्या बाजूने पगार न घेता काम करणारा तोच एक माणूस होता. (पगार टाउनशिप देते, पण तुम्हाला मुद्दा कळला.)

दुरुस्ती झाली, सांगाडा पास झाला, फळ्या बसल्या आणि पुन्हा सामसूम. कठडा आणि जिना बाकी. उरलेले ३,९६० डॉलर माझ्याकडे होते, पण कठडा-जिन्याचा खर्चच त्याहून जास्त होता, तेव्हा त्याला परत येण्यात फायदा कसला? हेच तुम्हाला सांगायचंय. पैसे कामाच्या पुढे धावले की काम मागे वळून बघत नाही.

आम्ही दुसरा माणूस पाहिला. त्याने ६,९०० सांगितले, दहा टक्के आगाऊ घेतले, पाच दिवसांत संपवलं. कठडा छत्तीस इंच, दोन गजांमध्ये चार इंचांचा चेंडू जाणार नाही असं अंतर, सगळं मोजून. आधीच्याने सोडून दिलेल्या कचऱ्याच्या डंपस्टरचे ४५० वेगळे. ऑक्टोबरच्या अखेरीस फायनल इन्स्पेक्शन पास. आई त्याच्या आदल्या आठवड्यात परत गेली होती.

हिशेब केला तर ठरल्यापेक्षा ३,३९० डॉलर जास्त गेले. राज्याकडे तक्रार केली आणि स्मॉल क्लेम्समध्ये (लहान रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात) दावा लावला, तिथे ५,००० पर्यंत चालतं आणि वकील लागत नाही. ग्राहक फसवणुकीच्या कायद्याखाली फसवणूक सिद्ध झाली तर नुकसानीच्या तिप्पट मिळू शकतं, पण ती रक्कम पाच हजारांच्या वर जात होती. त्यासाठी कोर्टाच्या २०,००० पर्यंतच्या दुसऱ्या विभागात जावं लागलं असतं. आमच्यात तेवढा दम उरला नव्हता. तिप्पटचा उल्लेख मात्र बायकोने पत्रात केला होता, आणि तडजोडीला बसल्यावर त्याने तो कागद खिशातून काढला तेव्हा त्या ओळीखाली रेघ मारलेली होती. २,४०० वर मिटलं, आठशेचे तीन हप्ते.

तर तुमच्यासाठी. कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढीच घेता येते. मेरीलँडमध्ये एक तृतीयांशच्या वर नाही. यावरून अर्धे म्हणजे किती जास्त ते समजेल. तुम्ही दहा टक्क्यांनी सुरू करा. मग माल अंगणात पडला आणि दुकानाची पावती दाखवली की एक हप्ता, खड्डे पास झाले की एक, सांगाडा पास झाला की एक, आणि निदान वीस टक्के फायनलनंतर. परमिट त्याच्याच नावाने काढायला सांगा. ‘तुम्हीच काढा, स्वस्त पडेल’ म्हणाला तर जबाबदारी तो तुमच्या गळ्यात घालतोय. आधीच्या गिऱ्हाइकांना ‘माणूस कसा आहे’ विचारू नका, ‘सांगितलेल्या तारखेनंतर किती दिवस लागले’ विचारा.

आणि सही करून झाली असेल तर घाबरू नका. कराराची प्रत हातात पडल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. लेखी कळवा, सर्टिफाइड मेलने, आणि पोचपावती जपून ठेवा.

माझ्या तीन हप्त्यांपैकी दोन आले. तिसऱ्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘नेक्स्ट वीक, माय फ्रेंड.’ उद्या बायको फोन करणार आहे.