काकूंचा कॉम्प्युटर जोडतोयस तर

काकूंना बँकेची कामं आणि नातवाचा अभ्यास, एवढंच ना? मग ग्राफिक्स कार्डाच्या नादी लागू नकोस. एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं. इंटेलचा घेतलास तर नावाच्या शेवटी ‘एफ’ नको, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. मी एकदा तोच आणला आणि तासभर काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो! रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या लाव. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे १६ची एकच लावलीस तर ते रखडतं. फाइली साठवायला ५०० जीबी एसएसडी पुरे. काटकसर कॅबिनेटवर कर, एसएमपीएसवर (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) नाही. कॅबिनेटसोबत येणारा स्वस्तातला एसएमपीएस हातात धरून बघ, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. इंदूरातच आहेस, सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची चार दुकानं फिर. बिल मात्र पक्कं, काकूंच्याच नावाने.