गावात व्यायामवर्ग सुरू करतोय, वर्षाखेरीस त्याचा उपयोग झाला का हे कसं तपासायचं?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: वाळवा तालुक्यातल्या तुमच्या गावात तालीम, हायस्कूल, ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र मिळून जूनपासून सकाळचा व्यायामवर्ग सुरू करणार आहात आणि पैसे देणारी संस्था वर्षाने हिशेब मागणार आहे.

आधी हजेरीची बेरीज डोक्यातून काढा. तेच ३० जण ४० दिवस आले तरी कागदावर १,२०० दिसतात, आणि ते ३० बहुतेक आधीपासून तालमीत येणारेच असतात. मोजायचं ते नवं माणूस. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे वय, स्त्री की पुरुष, वस्ती आणि ‘गेल्या महिन्यात आठवड्यातून किती दिवस मुद्दाम व्यायाम केला’ एवढे रकाने आखा. शेवटच्या रकान्यात शून्य असलेल्यांपैकी किती जण बाराव्या आठवड्यातही निदान दोन दिवस येतात, तो आकडा माझ्या मते सगळ्या अहवालाचा गाभा. ६० पैकी १८ टिकले तर १८ लिहा. तो आकडा लहान वाटला तरी खरा आहे.

हालचाल मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची १६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती काम, ये-जा, फावल्या वेळातला व्यायाम आणि बसून काढलेला वेळ वेगवेगळा विचारते. आपल्याकडे हे फार कामाचं आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं हालचाल हवी असं ही संघटना सांगते. दिवसभर भांगलण करणारी, म्हणजे शेतातलं तण काढणारी बाई त्याच्या कितीतरी पुढे असते, त्यामुळे वर्गाने तिच्या एकूण बेरजेत फरक दिसणारच नाही. तिच्यासाठी फावल्या वेळाचा भाग वेगळा काढा. साठीच्या पुढच्यांसाठी खुर्चीची चाचणी घ्या: हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजायचं. खुर्ची बिनहाताची, साधारण ४३ सेंटिमीटर उंच, भिंतीला टेकवलेली हवी. दुसऱ्या वेळी खुर्ची बदलली की आकडे वाया गेले. शाळेतल्या मुलांना ६०० मीटर धावायला लावून वेळ घेतली तरी पुरे.

‘मध्यम’ आणि ‘जोराचा’ व्यायाम म्हटलं की लोक गोंधळतात. बोलता येतं पण गाणं म्हणवत नाही तो मध्यम, दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो तो जोराचा, असं सांगा. प्रश्न विचारणारा वर्ग घेणारा नको, कारण सरांसमोर सगळेच ‘रोज करतो’ म्हणतात.

पहिली मोजणी वर्ग सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात करा आणि दुसरी पुढच्या मे महिन्यातच. मधेच जानेवारीत घेतलीत तर ऊसतोडीचा हंगाम मोजला जाईल, वर्ग नाही. शेजारच्या, वर्ग नसलेल्या गावातल्या ४० जणांना दोन्ही वेळा हेच प्रश्न विचारले तर आणखी भक्कम. कृष्णेला पूर येऊन मैदान बंद राहिलं तर ते दिवस वहीत ‘बंद’ म्हणून लिहा, नाहीतर सगळे गळाले असं दिसेल.

चौघांची भागीदारी मात्र वेगळी तपासावी लागते, आणि तीच सहसा राहून जाते. वर्ग चांगला असूनही मोडतो तो बहुधा किल्लीपायी. शाळेचं गेट साडेपाचला उघडायचं ठरतं, किल्ली शिपायाकडे असते, शिपाई रजेवर जातो. तीन सकाळी लोक गेटवरून परततात आणि चौथ्या दिवशी येत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर कोण काय देणार ते लिहा: गेट, दिवे, पाणी, शिकवणारा माणूस, महिन्यातून एकदा रक्तदाब तपासणी. दर महिन्याला ठरलेलं किती दिवस झालं आणि किती दिवस चुकलं याच्या खुणा करा. सहा महिन्यांनी चारही ठिकाणच्या लोकांना वेगवेगळं बसवून विचारा. सरपंचांसमोर उपकेंद्राची ताई तक्रार करणार नाही.

शेवटी, सोडून गेलेल्यांपैकी १५ जणांच्या घरी जा, निम्म्या बायका असू द्या. तिथे वहीत न दिसणाऱ्या गोष्टी कळतात: रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी पाजून आलेला माणूस पहाटे उठू शकत नाही, गेटपासून मैदानापर्यंत अंधार आहे, तालमीतली पोरं बघत बसतात म्हणून संकोच वाटतो. यातल्या किती अडचणी कोणत्या महिन्यात सुटल्या आणि त्यानंतर किती जण परत आले, हेही त्याच अहवालात लिहा.