देव्हारा नसलेल्या घरातली दिवेलागण

‘आम्ही देवळात जात नाही, घरात पूजा नाही. पण मुलांना अगदी कोरडं वाढवायचं नाही. झाडं, पाणी, गाणं यांत आम्हाला जे मिळतं ते त्यांना कसं द्यायचं, आणि नागपूरला आई-बाबांना कसं सांगायचं?’ परदेशातल्या घरांतून हा प्रश्न थोड्याफार फरकाने सतत येतो.

आमचं उत्तर एका शब्दाचं आहे: नेम. देव्हाऱ्याबरोबर घरातली ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि सगळ्यांचं एकत्र बसणंही जातं. आजीला खुपतं ते बरेचदा हेच. निसर्ग आणि संगीत ‘जमेल तेव्हा’वर सोडलं, की महिन्याभरात त्यातली सुट्टीतली सहल आणि गाडीतली गाणी तेवढी उरतात.

वेळ दिवेलागणीची धरा, पण घड्याळाची नको, सूर्याची. नागपुरात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक जेमतेम अडीच तासांचा, म्हणून ‘संध्याकाळी सहा’ म्हटलं की भागतं. लंडनला डिसेंबरात चारच्या आधी सूर्य बुडतो आणि जूनमध्ये सव्वानऊनंतर. आपल्या रागांच्या वेळा सूर्याशी बांधलेल्या आहेत. तेव्हा डिसेंबरात मुलं शाळेतून येताना अंधारत असतं, ती मारवा आणि पूर्वी या रागांची वेळ. चहा-दूध होऊन बसाल तेव्हा यमन किंवा भूप. जूनमध्ये सूर्यास्तापर्यंत थांबणं जमलं नाही, तर साडेचारला बाहेर लख्ख ऊन असतं, तिथे भीमपलास ठेवा. महिनाभर एकच राग पुरे. खिडकीतला उजेड आणि कानातला स्वर यांची सांगड मुलं आपोआप घालतात, समजावून सांगावी लागत नाही.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं नुसता तानपुरा. मग सगळ्यांनी ‘सा’ लावायचा, आणि त्यानंतर दहा मिनिटं कुणाचीही आलापी ऐकायची. आठ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या दोन गोष्टी झाल्या की उठू द्या. ‘सा’ ठरवताना बाबांची पट्टी, पेटीवरची काळी एक, सगळ्यांवर लादू नका. खालचा पंचम आणि वरचा गंधार, दोन्ही न ओरडता लागले पाहिजेत. बायकांचा आणि लहान मुलांचा ‘सा’ बहुधा काळी चार-पाचच्या आसपास येतो. दोन दिवस एकाच्या पट्टीत, दोन दिवस दुसऱ्याच्या, असं वाटून घ्या. तानपुऱ्याचं ॲप चालेल, पण ते चांगल्या स्पीकरवर, एका जागी ठेवून. स्वयंपाक करताना मागे वाजत राहिलेला तानपुरा आठवड्यात कुणाला ऐकूही येईनासा होतो.

खरा तानपुरा घेतलात तर फार चांगलं. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फक्त तो विमानातून उतरला की खरी काळजी सुरू होते. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा सुकते, खुंट्या आक्रसून सटकतात आणि भोपळ्याला तडा जाऊ शकतो. हीटरपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, खोलीतली आर्द्रता 40 ते 50 टक्के राहील असं पाहा, सटकणाऱ्या खुंटीला थोडा खडू लावा. आवाज बसका वाटला तर तार दोषी धरू नका. घोडीवर (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) तारेखाली जे सूत असतं ते केसभर पुढे-मागे सरकवा. एका ठिकाणी तार भुंग्यासारखी घुमायला लागते, तिथेच थांबा. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने, आणि छेडताना घाई नको. मारव्यात पंचम नसतो, तेव्हा पहिली तार निषादाला लावा, मालकंसात मध्यमाला. हे राहून गेलं की सगळं बेसूर का वाटतंय हेच कळत नाही.

निसर्गाचा नेम आठवड्यातून एकदा पुरतो. घरापासून दहा मिनिटांच्या आत एक झाड किंवा बाक निवडा आणि बाराही महिने तिथेच वीस मिनिटं बसा. तुम्ही आलात की पाखरं गप्प होतात. त्यांना पुन्हा मोकळं व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांत उठणाऱ्याला काहीच दिसत नाही. थंडीत बुडाखाली जाड चटई हवीच, मुलं कंटाळतात ती बहुतेक वेळा गारठल्यामुळे. फोन घरी. पक्ष्यांची नावं घरी आल्यावर शोधा. आणि ‘कसं शांत वाटतंय ना?’ असं चुकूनही विचारू नका. विचारलं की मूल तुम्हाला हवं ते उत्तर देतं आणि ऐकणं संपतं.

नागपूरला याल तेव्हा हा नेम तिकडेही न्या. डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो; अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठी साडेसहाला पोचा. शहराबाहेरच्या तलावांवर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस दिसतात. परदेशातून आलेल्या मुलांना त्यांची ओळख लगेच पटते. मे महिन्यात मात्र पहाटे पाचला, दयाळ पक्षी गात असतो तेव्हा. सातनंतर ऊन बसू देत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो, हे तिकिटं काढण्याआधी ध्यानात घ्या.

आई-बाबांशी बोलताना ‘आम्ही देव मानत नाही’ हे पहिलं वाक्य नको. ‘रोज दिवेलागणीला आम्ही सगळे तानपुऱ्याजवळ बसतो’ हे सांगा. विदर्भातल्या आजी-आबाजींना हे परकं नाही. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरीवर भजनं म्हणत गावोगाव सर्व धर्मांच्या माणसांना एका सामुदायिक प्रार्थनेला बसवलं, ते त्यांच्या आठवणीतलं आहे. गणपतीत घरी असाल तर आरतीला उभे राहा, मुलाच्या हातात झांज द्या. तिथे वाद घालायची जागा नाही.

रविवारचा एक नेम दोन्ही घरांचा ठेवा. हिवाळ्यात लंडनला दुपारचे साडेबारा म्हणजे नागपूरला संध्याकाळचे सहा: तिकडे दिवेलागण, इकडे सारंगाची वेळ. व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकदम गाऊ नका. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, ताल तुटतो आणि आजी ओशाळते. तानपुरा गाणाऱ्याच्याच बाजूला चालू ठेवा, ऐकणाऱ्याने माईक बंद करावा, आणि पहिली पाळी आजीची.