नाल्याचा गाळ आणि परसातला अळू

प्रश्न : काका, आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. लग्न होऊन आले तेव्हा घरामागचा नाला रोज वेगळ्या रंगाचा असायचा, सोमवारी मरून तर मंगळवारी मोरपंखी. अलीकडे पाणी बरंच नितळ दिसतं. गेल्या महिन्यात मशीन लावून नाला उपसला, तो काळाभोर गाळ काठावर पडून आहे. शेजारचे म्हणतात, असलं खत विकत मिळत नाही, चार पाट्या आळ्यात घाला. परसात पालक, मेथी, अळू आणि एक शेवगा आहे. घालू का? नळाला रोज पाणी नसतं, तर भाजीला नाल्याचं पाणी चालेल का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : घालू नका ताई. पाणीही देऊ नका.

का ते सांगतो, कारण तो सोमवारचा मरून सोडणाऱ्यांत मीही होतो. 31 वर्षं डाईंग मास्तर म्हणून काढली. आधी चादरीचं सूत रंगवलं, मग टॉवेलचं. नाला नितळ दिसतो म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, तसा मीही एकेकाळी होतो.

आमच्याकडे पाहणी असली की आदल्या रात्री मालकाचा निरोप यायचा. मग मी मागच्या हौदात हायपोचे, म्हणजे क्लोरीनवाल्या ब्लीचचे, कॅन ओतायला लावायचो. गडद निळं पाणी बघता बघता शेवाळी व्हायचं, मग फिकट पिवळं, मग ताकाच्या निवळीसारखं. नाक चुरचुरायचं, डोळ्यांना धारा लागायच्या. सकाळी ते पाणी बाटलीत भरून उजेडाला धरलं की सगळे खूश. मलाही वाटायचं, चला, रंग मेला.

मरतो कुठला! सुतावर चढवतात त्या रंगांपैकी निम्म्याहून जास्त अझो जातीचे. त्यांत नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना धरून असतात आणि रंग दिसतो तो त्या जोडामुळे. जोड तुटला की रंग जातो. बांगडी फुटली की हात मोकळा दिसतो, पण काचा घरभर राहतात, तसं हे. हायपो तो जोड तोडतो, वर त्यातला क्लोरीन तुकड्यांना चिकटून नवीच भानगड करतो. आणि तुमच्या नाल्यात हायपो कुणी ओतला नाही तरी तळाचा गाळ आहेच. त्यात हवा नसते. तिथले जिवाणू तोच जोड तोडतात आणि मागे अमाईन नावाचे बिनरंगी तुकडे उरतात. त्यांतले काही साधे, काही वाईट. बेंझिडीन हा त्यातला सगळ्यात बदनाम. त्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो हे रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांवरूनच कळलं. जर्मनीने 1994 मध्ये असले अमाईन सोडणाऱ्या रंगांवर बंदी आणली, आपल्याकडे 1997 मध्ये अशा 70 अझो रंगांवर आली. त्या वर्षी आमच्या कपाटातले नॅप्थॉल जातीच्या रंगांचे काही बेस, म्हणजे रंग घडवणारे घटक, बाद झाले. डबे कपाटातून गेले, पण आधी जे नाल्यात सोडलं होतं ते कोण परत आणणार?

दुसरं रसायन तर कुणाच्या नजरेतही येत नाही, कारण त्याला मुळात रंगच नाही. सूत नीट भिजावं, मेण-तेल निघावं म्हणून आम्ही वेटिंग एजंट वापरायचो. त्यात बहुतेकदा नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट असायचं. नाल्यात गेल्यावर ते अर्धवट मोडतं आणि नॉनिलफेनॉल उरतं. हे पाण्यात फार विरघळत नाही, गाळाला चिकटतं आणि हवा नसलेल्या गाळात वर्षानुवर्षं बसून राहतं. शिवाय ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतं. हे कळलं तेही अपघातानेच. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोननशाइन यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न देताच वाढायला लागल्या. शोधलं तर प्लॅस्टिकच्या नळ्यांतून नॉनिलफेनॉल झिरपत होतं. हे 1991 साली प्रसिद्ध झालं.

युरोपने फेब्रुवारी 2021 पासून धुण्याजोग्या कपड्यात हे इथॉक्सिलेट 0.01 टक्क्याच्या आत असलं पाहिजे असा नियम लावला. कारण काय, तर तिकडच्या बाईने टॉवेल धुतला की ते त्यांच्या नदीत उतरतं. आता बघा, तयार टॉवेलात उरतं ते चिमूटभर. पसाभर तर आमच्या हौदातून आधीच सोलापूरच्या नाल्यात गेलेलं असतं!

शिवाय मोरपंखी रंगात तांबं, काही जुन्या रंगांत क्रोमियम. धातू तर मोडायचा प्रश्नच नाही. पावसाळी कापडाच्या फिनिशमध्ये फ्लोरिनवाली रसायनं येतात, त्यांना ‘कायमची रसायनं’च म्हणतात. टॉवेलला पाणी प्यायचं असतं, म्हणून आमचा त्यांच्याशी संबंध आला नाही.

हे सगळं वाहत्या पाण्यापेक्षा तळाशी जास्त साठतं. म्हणून मला पाण्याहून गाळाची भीती जास्त. त्यात तुम्ही लावलाय पालक, मेथी, अळू. जमिनीतला धातू पानांत आणि कंदांत जास्त चढतो, आणि अळूचं आपण पान खातो, कंदही खातो. पाणी उकळून घालीन म्हणाल तर त्यात जंतू मरतील, धातू आटून उलट दाट होतील. शेवग्यालाही नको.

शेजाऱ्यांचं म्हणणं वाऱ्यावरचं नाही, एवढं मात्र मानतो. हिप्परग्याचा तलाव शहराच्या वर आहे, त्यात रानातली माती वाहून येते आणि तसला गाळ शेतात चांगलाच. त्यांनी तो हिशोब नाल्याला लावला.

आधीच दोन पाट्या टाकून झाल्या असतील (तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तसा संशय आहे) तर वरचा वीतभर थर काढा, हातमोजे घालून, आणि त्या जागी यंदा झेंडू लावा. मातीची सरकारी तपासणी जरूर करा, पण तिच्या पत्रिकेतल्या 12 गोष्टींत क्रोमियम किंवा शिसं नाही, अमाईन तर नाहीच. त्यात दोनच आकडे तुमच्या कामाचे. एक तांबं आणि दुसरा क्षारता, कारण गडद रंगाला आम्ही लिटरमागे 50 ग्रॅमहून जास्त मीठ घालायचो. हे दोन आकडे नेहमीपेक्षा फुगलेले आले तर समजा, डाईंगचं पाणी परसात पोचलंय. ते चांगले आले म्हणून बाकी सगळं चांगलं, असं मात्र धरू नका.

प्रश्न : नव्या टॉवेलचं पहिलं धुणं लालभडक निघतं. मीठ घालून भिजवल्यावर रंग पक्का होतो का? आणि ते पाणी कुंड्यांना घालावं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : होत नाही. रंगवताना मीठ रंगाला सुताकडे ढकलतं, पक्का करतो तो सोडा. घरी पोचलेल्या टॉवेलात जो सुटा रंग उरलाय तो निघणारच, दोन-तीन धुण्यांत थांबतो. पाणी मोरीत जाऊ द्या, कुंडीला साबण आणि मीठ दोन्ही नकोत. आणि त्या बादलीत पांढरं बनियन टाकू नका, आमच्या घरी अजून गुलाबी दोन आहेत.