लॉ फर्मचा अभ्यास केलास, आता तो नोकरीच्या मुलाखतीत वापरायचा कसा?

वेबसाइट वाचून जाणं ही तयारी नव्हे. तेवढं सगळेच करतात, आणि 'तुमची फर्म नामांकित आहे' हे वाक्य समोरच्या पार्टनरने हजारदा ऐकलेलं असतं.

त्यापेक्षा फर्मचं एकच काम निवड आणि खोलात वाच. समज, एका कंपनीने दुसरी विकत घेतली आणि फर्म खरेदीदाराच्या बाजूने होती. व्यवहाराची रक्कम पाठ करू नकोस. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे खरेदीआधी कंपनीची कसून तपासणी करताना, काय काय तपासावं लागलं असेल, कोणत्या नियामकाची मंजुरी लागली असेल, याचा विचार कर. मग मुलाखतीत विचार, "अशा व्यवहारात नव्या असोसिएटकडे फक्त करार वाचायचं काम येतं, की मसुदाही लिहायला मिळतो?" खरं बोलणं इथून सुरू होतं.

खटल्याचा उल्लेख करणार असशील तर मूळ निकाल उघडून वाच. त्यात कोणाकडून कोण वकील होतं ते बहुतेकदा दिलेलं असतं. मी फक्त बातमी वाचून गेलो होतो आणि एका निकालाबद्दल फर्मचं अभिनंदन केलं. फर्म हरलेल्या बाजूने होती. ती शांतता मला अजून आठवते.

मुलाखत घेणाऱ्यांचं कामाचं क्षेत्र जरूर बघून जा. त्यांच्या सोशल मीडियावरच्या खासगी फोटोंबद्दल मात्र चकार शब्द काढू नकोस. अशिलाची आतली माहितीही विचारायची नाही, कारण गोपनीयता तुला कळते का, हे ते तिथेच जोखतात.